गुप्त भीमा

जुलैच्या उत्तरार्धात जमेल तेव्हा मी भीमाशंकरला जाते. मंचर, घोडेगाव, मग डिंभे धरणाचं पाणी उजवी-डावीकडे दिसत राहतं आणि पुढे धुकं. देवळात दर्शन झालं की गर्दी सोडून गुप्त भीमाशंकरची पायवाट धरायची. खोडांवर शेवाळ, पायाखाली निसरडी पानं, वर कुठेतरी शेकरूचा आवाज. देवळापाशी उगम पावलेली भीमा मधेच लुप्त होते आणि रानात या ठिकाणी पुन्हा प्रकटते, असं इथली माणसं सांगतात. त्या पाण्यापाशी बसले की मला मनोरमाबाई आठवतात. पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक.

हीच नदी खाली खेडवरून दौंडकडे जाते, आणि दौंड तालुक्यातच केडगाव आहे, रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं गाव. रमाबाईंना आपण शाळेच्या पुस्तकापासून ओळखतो. मनोरमाबाईंची ओळख बहुतेकांना नसते.

१८८१ च्या एप्रिलमध्ये त्यांचा जन्म झाला. वर्षही पुरं झालं नव्हतं, तेव्हा वडील बिपिनबिहारी कॉलऱ्याने गेले. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे आईने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा अडीच वर्षांच्या मनोरमेलाही दिला. पुढे आई अमेरिकेत विधवांच्या शाळेसाठी मदत उभी करत फिरत होती आणि पाच वर्षांची पोर वाँटेजच्या मठात ख्रिस्ती भगिनींच्या सांभाळात होती. मधे अख्खा महासागर.

या वयातलं काहीच त्या मुलीने निवडलेलं नव्हतं. धर्म आईचा, ध्येय आईचं, दुरावाही आईच्या ध्येयापायी. म्हणून मी बरेच दिवस मनोरमाबाईंकडे काहीशा कणवेने पाहत होते. मोठ्या आईच्या सावलीत वाढलेलं झाड, असं वाटायचं.

ही कणव हळूहळू गळून पडली. मनोरमाबाई अमेरिकेत शिकल्या. परदेशात राहणं त्यांना जड गेलं नसतं; तिथली भाषा तर लहानपणापासूनच जिभेवर होती. त्या केडगावला परतल्या. दुष्काळाने आई-बाप हिरावलेल्या शेकडो मुली तिथे आल्या होत्या. त्यांना शिकवायचं, आजारपणात उशाशी बसायचं, आईचा पत्रव्यवहार सांभाळायचा, प्रार्थनेला उभं राहायचं. अंध मुलींना बोटांनी वाचता यावं म्हणून त्यांनी ब्रेल शिकवली. आईच्या शारदा सदनाची शाळा चालवली. स्वतः मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाल्या. निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्याला, मुलींची शाळा उभी करण्यातही त्यांचा हात होता.

पाचव्या वर्षी जिने आईची वाट पाहिली, तिला आई नसलेल्या पोरीचं रडणं कळायला कुणी शिकवावं लागलं नसेल. दुरावा तिच्या वाट्याला आला होता, त्या दुराव्यातून माया करायचं मात्र तिने स्वतः ठरवलं. लहानपणी कपाळावर पडलेलं पाणी आईच्या इच्छेचं होतं. त्यानंतरची प्रत्येक सकाळ मनोरमाबाईंची स्वतःची होती. भक्ती म्हणतात ती मला इथे दिसते, रोज त्याच दारात, त्याच कामाला, आपणहून उभं राहण्यात.

रमाबाईंना आपल्यामागे मुक्तीची धुरा लेकीने घ्यावी असं वाटत होतं. झालं उलटंच. २४ जुलै १९२१ रोजी, अवघ्या चाळिशीत, मनोरमाबाई गेल्या. आईने त्या दुःखातही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. लेकीमागून साडेआठ महिन्यांनी.

नकाशावर भीमेवरून बोट फिरवलं की केडगावचा मुलूख लागतो, मग पंढरपूर, आणि पुढे गुलबर्ग्याचा जिल्हा. मनोरमाबाईंनी जिथे जिथे मुली शिकवल्या, तो सारा प्रदेश याच पाण्याचा. जुन्नरची कुकडी घोड नदीला मिळते, घोड भीमेला, आणि खाली सगळ्यांना एकच नाव उरतं. रमाबाईंच्या नावात मनोरमाबाईंचं नाव असंच मिळून गेलंय. त्यांना त्याचं वाईट वाटलं असतं असं मला वाटत नाही. पण आपण उगमापाशी येतो तेव्हा तरी वेगळं नाव घ्यावं.

म्हणून या रानात येते तेव्हा, ओंजळीत पाणी घेऊन, मी ते मोठ्याने घेते. मनोरमा.