वाळूवरचा अर्धा तास

'फिरायला जाणे' या शब्दाचे आपल्या घरांत काही ठरलेले अर्थ आहेत. डिसेंबरात चैत्यभूमी, दसऱ्याला नागपूर, मे महिन्यात गाव, आणि मधेच कुणाचे लग्न निघाले तर त्या निमित्ताने एखादे नवे शहर. यांत काही वावगे नाही. पण नुसते खेळायला, हसायला म्हणून पदरचे पैसे खर्च करून कुठे जायचे म्हटले की घरातील वडीलधारी माणसे गप्प होतात आणि कचेरीतील मंडळी विचारतात, "काय, लॉटरी लागली वाटतं?" आमच्या घरात दोन पगार येतात, पण दोन्ही लहान. रविवार वस्तीतल्या अभ्यासिकेत जातो. त्यामुळे गेल्या मे महिन्यात आम्ही लडाखला जाऊन वाळूत चारचाकी क्वाड बाईक चालवून आलो, हे सांगताना प्रथम आम्हालाच जरा संकोच वाटत असे. आता वाटत नाही. का वाटत नाही, आणि तुम्ही कधी गेलात तर काय पाहून घ्यावे, हे वाचक बंधुभगिनींना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे वडील गिरणीत बदली कामगार होते. हजेरी लागली तर पगार. सुट्टी म्हणजे उपास. त्या पिढीला 'पगारी रजा' हा शब्द ठाऊक होता तो कायम झालेल्या कामगारांच्या तोंडून. ही रजा काही मालकांच्या मनात आले म्हणून मिळालेली नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कारखान्यातील कामगारांच्या पगारी सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला. माणसाला कामाइतकीच विश्रांतीची आणि विरंगुळ्याची गरज आहे, हा त्यामागचा विचार. तेव्हा शिल्लक रजा घेऊन चार दिवस मजेत घालवणे ही चैन नव्हे, हे आम्ही आधी स्वतःला आणि मग शेजाऱ्यांना समजावले.

आम्ही पाचजण होतो. आम्ही उभयता, नुकतीच अठरा पूर्ण झालेली मोठी मुलगी, दहा वर्षांचा धाकटा आणि अडुसष्ट वर्षांच्या आई. आईंना दिस्कितची मैत्रेय बुद्धमूर्ती पाहायची होती, मुलांना वाळूत गाडी चालवायची होती. नुब्रा खोऱ्यात ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ शेजारीच आहेत, म्हणून घरात भांडण न होता बेत ठरला.

लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. विमानाने थेट तिथे उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसते पडून राहावे लागते. धावपळ केली तर डोके दुखते, मळमळते, श्वास पुरत नाही. आईंना आम्ही निघण्यापूर्वीच डॉक्टरांना दाखवून आणले होते. तिसऱ्या दिवशी खार्दुंग ला ओलांडला. जुन्या पाट्यांवर या खिंडीची उंची १८ हजार ३८० फूट लिहिलेली असे. नव्या मोजणीप्रमाणे ती ५ हजार ३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर आहे. मे महिन्यातही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ होता. पलीकडे उतरलो की श्योक नदीचे रुंद पात्र दिसू लागते.

दिस्कितचा मठ शेकडो वर्षांपूर्वीचा. त्याच्या पायथ्याच्या टेकडीवर ३२ मीटर उंचीची मैत्रेयाची मूर्ती आहे. २०१० साली दलाई लामांच्या हस्ते तिची प्रतिष्ठापना झाली. आई बराच वेळ तिथे बसून राहिल्या. त्यांना कुणी उठवले नाही.

दिस्कितपासून सात-आठ किलोमीटरवर हुंडर. बर्फाच्या डोंगरांच्या कुशीत चक्क वाळवंट. हिमनद्यांनी दगड भरडायचे, नद्यांनी तो गाळ वाहून आणायचा आणि वाऱ्याने वाळू उचलून टेकड्या रचायच्या, असा हा हजारो वर्षांचा उद्योग. मधून एक ओढा वाहतो आणि काठाने सी-बकथॉर्नची काटेरी झुडपे आहेत. दोन मदारींचे उंटही इथलेच. पूर्वी यारकंदकडून येणाऱ्या व्यापारी तांड्यांबरोबर ते इकडे आले. गेल्या शतकाच्या मध्याला तो व्यापार बंद पडला आणि उंट मागे राहिले. आता ते पर्यटकांना पाठीवर घेतात.

क्वाड बाईकवाले वाळूच्या कडेलाच उभे असतात. पहिल्या ठिकाणी गेलो. एका माणसाचा अर्ध्या तासाचा दर ऐकला, तर तो आमच्या महिन्याच्या विजेच्या बिलाइतका. तेवढी मनाची तयारी होती. पण हेल्मेट विचारले तर, "वाळूच आहे, पडलात तर लागत नाही," असे उत्तर आले. धाकट्याकडे बोट दाखवून माणूस हिंदीत म्हणाला, "बच्चे को आगे बिठा लो, कुछ नहीं होता." आणि मग एक छापील कागद पुढे करून सही करायला सांगितले.

आमचा अर्धा जन्म कागद वाचण्यात गेला आहे. न वाचता सही करणे आम्हाला जमत नाही. मागे लोक खोळंबले होते, तरी बाजूला उभे राहून सगळा कागद वाचला. अपघात कोणत्याही कारणाने, अगदी यंत्रातील बिघाडाने झाला तरी सर्व जबाबदारी आमची, असा त्याचा सारांश. आम्ही विचारले, "ब्रेक निकामी निघाला तर तोही आमचा दोष का?" त्याने खांदे उडवले. आम्ही कागद परत दिला आणि आभार मानून निघालो. धाकट्याचा चेहरा उतरला. मुंबईपासून तो हे एकच स्वप्न घेऊन आला होता.

हे यंत्र खेळणे नाही, एवढे आम्ही येण्यापूर्वी वाचले होते. होंडा कंपनीने १९७० साली अशी तीनचाकी गाडी बाजारात आणली. ती फार उलटे. अपघात इतके वाढले की १९८८ मध्ये अमेरिकेत तीनचाकींची विक्री थांबवावी लागली. त्याआधीच, १९८२ च्या सुमारास, सुझुकीने चार चाकांची गाडी काढली होती. पुढे तीच सर्वत्र रूढ झाली. पण चार चाके आहेत म्हणून ती मोटारगाडीसारखी स्थिर नाही. ऑस्ट्रेलियात शेतकरी या गाड्या शेतावर वापरतात. तिथे गाडी उलटून तिच्याखाली सापडून इतकी माणसे दगावली की ऑक्टोबर २०२१ पासून शेतकामाच्या प्रत्येक नव्या गाडीला संरक्षक कमान असल्याशिवाय विक्रीच करता येत नाही. मोठ्या माणसांच्या गाडीचे वजन अडीचशे-तीनशे किलो असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे म्हणणे स्पष्ट आहे : सोळा वर्षांखालील मुलाने ही गाडी चालवू नये. आणि एका माणसासाठी बनवलेल्या गाडीवर दुसरा बसला, तर तोल सांभाळायला चालवणाऱ्याला अंग हलवता येत नाही.

थोडे पुढे दुसरे ठिकाण होते. तिथला मार्गदर्शक नुब्रातलाच, पंचविशीतला तरुण. "जुले," म्हणाला. लडाखी माणसे नमस्कार, आभार आणि निरोप या तिन्हींसाठी हा एकच शब्द वापरतात. आईंनी सवयीने "जयभीम" म्हटले आणि तो हसला. त्याच्या टेबलावर एक लांबट वही होती : नाव, वय, घरच्या माणसाचा फोन, रक्तगट, गाडीचा क्रमांक, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ. प्रत्येक पानावर रकाने आखलेले. ती वही पाहून आम्हाला आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले.

त्याने आम्हाला आधीच सांगितले की एका गाडीवर एकच माणूस आणि मुले नाहीत. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आले. आम्हालाही वाईट वाटले, पण आमच्या मनात होते तेच तो बोलत होता. मग त्या तरुणाने धाकट्याला बंद गाडीवर बसवले, ब्रेक कुठला, वेग कुठला, लाल दोरी कशासाठी हे सगळे शिकवले आणि शेवटी वही त्याच्या हातात देऊन म्हणाला, "टाइम आप लिखोगे." आमच्या निघण्याच्या वेळा मग त्यानेच लिहिल्या, सेकंदासकट.

शिकवणी दहा मिनिटे चालली. उजव्या अंगठ्याने एक लहानशी कळ दाबली की गाडी पुढे जाते; अंगठा सोडला की मंदावते. ब्रेक सायकलसारखे मुठीपाशी. लाल दोरी मनगटाला बांधायची. माणूस गाडीवरून पडला की ती निघते आणि इंजिन बंद होते. पाय मात्र कधीही खाली टेकायचा नाही. सायकल-स्कूटर चालवणाऱ्यांची हीच खोड असते, तोल गेला की पाय टेकवायचा. इथे मागचे चाक त्या पायावर चढते. वळताना गाडी कलत नाही, आपण आपले अंग वळणाच्या आतल्या बाजूला न्यायचे. चढ आणि उतार सरळ घ्यायचे, आडवे नाही. टेकडीच्या माथ्यावर वेग कमी करायचा, कारण पलीकडे काय आहे ते दिसत नाही.

आमच्या दोघांपैकी एकीला सायकलही येत नव्हती. लहानपणी घरात एकच सायकल, ती वडिलांबरोबर कामावर जायची. उरलेल्या वेळात भावाकडे. "हिला कसे जमणार?" असे आम्हाला वाटत होते. प्रत्यक्षात उलटे झाले. ज्याला स्कूटर येत होती तो प्रत्येक वळणावर पाय बाहेर काढू पाहत होता आणि ओरडा खात होता. जिला काहीच येत नव्हते तिला काही विसरावे लागले नाही. सांगितले तेवढे ती करत गेली.

मार्गदर्शक पुढे, त्याच्यामागे मोठी, मग आम्ही दोघे, आणि प्रत्येकात पंधरा-वीस पावलांचे अंतर. हेल्मेट, चष्मा, नाकातोंडाला रुमाल. इथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे तीस टक्के विरळ, म्हणून चढावर माणसासारखेच इंजिनही धापा टाकते. झुडपे आणि ओढा टाळून, पूर्वीच्याच चाकोरीने त्याने नेले. "झाडी गेली की वाळू गावात येते," एवढेच तो म्हणाला. पहिल्या उंच टेकडीवर आमचे हात इतके घट्ट आवळले गेले की मुठी दुखू लागल्या. तो थांबला, मागे आला आणि म्हणाला, "जिधर देखोगे, उधर जाएगी." आम्ही समोरच्या चाकाकडे बघत होतो. नजर उचलून दूर टेकडीच्या माथ्याकडे पाहिले आणि गाडी खरोखरच सरळ वर गेली.

माथ्यावर इंजिने बंद केली. एकदम शांत झाले. खाली हिरवी पट्टी, मधे ओढ्याची चमक, समोर बर्फाचे डोंगर. दूरवर आई आणि धाकटा दोन ठिपक्यांएवढे दिसत होते. जिला सायकल मिळाली नव्हती ती हेल्मेटमध्ये मोठ्याने हसत होती, आणि मुलगी तिच्याकडे असे पाहत होती की जणू आज पहिल्यांदाच पाहते आहे. त्या अर्ध्या तासाचे पैसे आमचे तिथेच वसूल झाले.

परत आलो तेव्हा धाकट्याने वही पुढे केली. "तीन मिनिटं उशीर," असे सांगून त्याने सह्या घेतल्या. नंतर तो उंटावर बसला, पण घरी आल्यापासून सगळ्यांना सांगतो ते वहीचे.

तेव्हा वाचकहो, अलिबागच्या किनाऱ्यावर असो की लडाखात, अशी गाडी दिसली तर पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. हेल्मेट देता का? बरोबर माणूस येतो का? आधी शिकवता का? विमा आहे का? स्वतःचा अपघात विमा असेल तर त्याची अटींची पाने उघडून पाहा. पुष्कळ विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचा आणि प्रत मागून घ्या. सही केली म्हणजे सगळे हक्क संपले असेही नाही. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' ही कल्पना आली आहे, आणि अशा कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. सेवेत कसूर झाली तर जिल्हा आयोग आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा.

आणि मुलांना नाही म्हणावे लागले तर म्हणा, पण त्यांच्या हाती दुसरे काहीतरी द्या. आमचा धाकटा सोळा वर्षांचा व्हायला अजून सहा वर्षे आहेत. तोवर घरातल्या रोजच्या खर्चाची वही त्याच्याकडे आहे, आणि तो रकाने पट्टीने आखतो.