रंगाचं देणं

जळगावच्या माझ्या घरातल्या प्रिंटरवर माणसाचा चेहरा खरा उमटतो, याचं श्रेय मी यंत्राला देत नाही. ते धुळ्यातल्या एका कलर लॅबच्या काकांचं आहे. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी त्यांच्याकडे मदतीला जात असे.

काकांनी आधी राखाडी शिकवला. रोलच्या पहिल्या फोटोत ते अठरा टक्के परावर्तनाचं राखाडी कार्ड ठेवायचे. ते कागदावरही राखाडीच उमटलं पाहिजे. त्यावर मॅजेंटाची झाक आली, तर मॅजेंटाचंच फिल्टर वाढवायचं. निगेटिव्हवरून छापतानाचं हे उलटं गणित त्यांनी माझ्या हाती बसवलं. टेस्ट स्ट्रिप ओली असताना ते निकाल देत नसत. ती वाळवायची, मग दारात नेऊन दिवसाच्या उजेडात पाहायची. घरात बसून उत्तम छपाई होते का, असं कुणी विचारलं की ते चाळीसगावच्या केकी मूस यांचं नाव घेत. स्टेशनजवळच्या बंगल्यात एकांतात राहून मूस यांनी केलेली छायाचित्रं जगभर गाजली होती.

पण काकांचं मोठं देणं वेगळंच. रंग जुळवण्यासाठी कोडॅक लॅबना नमुन्याचं जे कार्ड पुरवत असे, त्यावर कित्येक वर्षं गोरी बाईच असायची. ‘शर्ली कार्ड’ म्हणून ते ओळखलं जाई. तिची कांती बरोबर आली की यंत्र बरोबर लागलं, असं धरत. कापूस वेचणाऱ्या, केळीच्या बागेत राबणाऱ्या आमच्या माणसांना ते माप कसं लागू पडणार? म्हणून काकांनी स्वतःचं कार्ड केलं होतं. नऊवारीतली त्यांची आई, हातात राखाडी कार्ड. लग्नाचा अल्बम उजळ करून मागणाऱ्यांना ते म्हणत, “आपली माय गोरी नही शे, भाऊ, मंग फोटोमा काबर करस?”

आज डार्करूम गेली, गणित मात्र तेच आहे. 1993 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कलर कन्सॉर्शियमने, म्हणजे आयसीसीने, रंगांच्या प्रोफाइलला सर्वमान्य रूप दिलं. प्रिंटर ड्रायव्हरची स्वतःची रंगदुरुस्ती बंद करून मी रंगचौकटींचा तक्ता छापतो, शाई रात्रभर वाळू देतो आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरने एकेक चौकट मोजतो. मागितलेला रंग आणि कागदावर आलेला रंग यांतला फरक प्रोफाइलमध्ये नोंदला जातो आणि छपाईच्या वेळी भरून काढला जातो. ही नोंद त्या प्रिंटरची, त्या शाईची आणि त्याच कागदाची. कागद बदलला की नवं प्रोफाइल करावं लागतं. छापील फोटो पाहण्यासाठी पाच हजार केल्विनचा प्रमाण उजेड ठरलेला आहे. काका दारात जाऊन शोधत तो असाच.

आकडे जुळले तरी मी तिथे थांबत नाही. नमुना म्हणून शेतातून आलेल्या आमच्या माणसाचा, उन्हाने रापलेला चेहरा छापतो. तो ओळखीचा वाटला, तरच प्रोफाइल ठेवतो.

घरी प्रिंटर घेतलात, तर तुम्हीही आपल्या घरातलाच एक चेहरा नमुन्याला ठेवा आणि त्याला एका छटेनेही उजळ करू नका. माणसाचा रंग आहे तसा छापणं हा त्याचा मान आहे. काकांचं देणं फेडण्याची मला तरी दुसरी रीत ठाऊक नाही.