किल्लारीच्या माळावर

प्रवास करावा तो देवालयें, किल्ले किंवा थंड हवेचीं ठिकाणें पाहण्यासाठीं, अशी आपल्यापैकीं बहुतेकांची समजूत असते. ज्या गांवीं पाहण्यासारखें कांहींच उरलेलें नाहीं, तेथें मुद्दाम जाणारा प्रवासी विरळा. तथापि महाराष्ट्रांत असें एक स्थळ आहे कीं, जेथें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें एकदां तरी जाऊन यावें. तें स्थळ म्हणजे लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यांतील जुनें किल्लारी. संकटानें पोळलेल्या माणसाजवळ कसें जावें आणि कसें बसावें, याचा जो धडा तेथें मिळतो, तो ग्रंथांत सहसा मिळत नाहीं.

लातूरहून दक्षिणेस निघालें म्हणजे थोड्याच वेळांत औशाचा भुईकोट किल्ला मागें पडतो आणि काळ्या सपाट जमिनीचा विस्तार सुरू होतो. सोयाबीन व तुरीचीं शेतें, मधूनच उसाचा हिरवा पट्टा, आणि दृष्टि आडविणारा मोठा डोंगर कोठेंच नाहीं. दख्खनच्या या काळ्या खडकाच्या पठारास भूकंपाचें भय नाहीं, अशी पुष्कळ काळ समजूत होती. १९६७ च्या डिसेंबरांत कोयनानगर हादरलें तेव्हां त्या समजुतीस पहिला तडा गेला. किल्लारीनें ती पार मोडून टाकली. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत या भागांत लहान लहान धक्के बसत होते. लोक भ्याले होते. पुढें धक्के थांबले, आणि माणसें आपापल्या कामास लागलीं.

१९९३ च्या सप्टेंबरची २९ तारीख म्हणजे अनंतचतुर्दशी. गणपतींचें विसर्जन करून गांवोगांवचे लोक उशिरा झोंपले. ३० तारखेस पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं जमीन हादरली. धक्का कांहीं सेकंदांचाच. परंतु तेवढ्यांत लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें बसलीं. मृतांचा आकडा निरनिराळ्या गणतींप्रमाणें आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आहे. किल्लारी व सास्तूर हीं नांवें त्या दिवसापूर्वीं पुण्यामुंबईस कोणाच्या कानांवर क्वचितच गेलीं असतील. त्या सकाळनंतर तीं साऱ्या जगास ठाऊक झालीं.

इतकीं माणसें कां मेलीं, याचें उत्तर जुन्या गांवठाणांतील दगडांवरून आजहि मिळतें. येथील घरें जाड दगडी भिंतींचीं. दगड ओबडधोबड, त्यांना धरून ठेवणारा चिखल, आणि वर लांकडी खणांवर मातीचा जाड थर दिलेलें माळवद. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत अशा घरांत गारवा राहतो, म्हणून बापजाद्यांनीं ती पद्धति पत्करली. ज्या भिंतींनीं पिढ्यानपिढ्या उन्हापासून राखलें, त्याच भिंती झोंपेंत असलेल्या माणसांच्या अंगावर आल्या. आपलें घर म्हणजे आपला आसरा, ही माणसाची सर्वांत जुनी श्रद्धा. येथें तिलाच तडा गेला. पक्कें घर मिळाल्यावरहि छपराखालीं निजण्याची भीति वाटणें, हा वेडेपणा नव्हे, ही गोष्ट ज्याला समजली, त्याला या विषयाचें पहिलें अक्षर समजलें.

जुन्या गांवठाणावर आतां बाभळींचें रान माजलें आहे. आमच्याबरोबर तेथील एक वृद्ध गृहस्थ आले होते. आम्हीं त्यांना कांहीं विचारलें नाहीं. ते काठी टेकीत पुढें चालत व मधूनच थांबून म्हणत, “हितं पार होता. हितं गुरांची वाट. हे आमचं घर.” शेवटच्या ठिकाणीं ते जरा अधिक वेळ उभे राहिले. आम्हीहि उभे राहिलों. मग आपण होऊनच ते म्हणाले, “चला, ऊन वाढलं.” त्या घरांत कोण होतें, तें आम्हांस कळलें नाहीं, आणि तें कळून घेण्याचा आमचा अधिकारहि नव्हता.

नवें किल्लारी तेथून कांहीं अंतरावर वसविलेलें आहे. बावन्न गांवें पूर्णपणें उठवून नव्या जागीं बसविण्यांत आलीं. जागतिक बँकेच्या कर्जाचा व अनेक सेवासंस्थांच्या मदतीचा त्याला हातभार लागला. घरांचे तीन प्रकार ठरले : अडीचशें, चारशें व साडेसातशें चौरस फुटांचे, ज्याची जमीन जितकी, त्याप्रमाणें घर. रस्ते रुंद, रांगा सरळ, एखाद्या शहराच्या वसाहतीसारख्या. भूकंपास तोंड देईल असें हें बांधकाम व्हावयासच हवें होतें. परंतु जुन्या गांवांतील वळणावळणाची गल्ली, भावकीचा वाडा, ओट्यावरून ओट्यावर चालणारें बोलणें, हें सारें त्या सरळ रांगांत पांगलें. दगडामातीखालून वांचलेल्या माणसाला दुसऱ्यांदा शेजार गमवावा लागला. मनाची जखम भरून येण्यास औषधापेक्षां शेजार अधिक उपयोगी, हें ज्यांना मान्य आहे, त्यांना या दुसऱ्या हानीचें मोल सांगावयास नको.

येथें आपल्याकडील एका जुन्या चालीची आठवण होते. कोणाच्या घरीं मृत्यु झाला म्हणजे त्या घरीं चूल पेटत नाहीं; शेजारचें घर पिठलें-भात पाठवितें. माणसें समाचारास येतात, फारसें न बोलतां बसतात, पाणी भरून ठेवतात, लहान मुलांना आपल्या घरीं नेतात, पत्रें लिहितात. शोकाचें शास्त्र म्हणून कोणी हें लिहून ठेवलें नाहीं. तरी त्यांत बहुतेक सारें शास्त्र आलें आहे. किल्लारीस त्या सकाळीं घडलें तें असें कीं, सारा गांवच सुतकांत बुडाला. पिठलें-भात घेऊन येणारा शेजारी उरलाच नाहीं. पाऊस कोसळत होता. प्रेतांस सामुदायिक अग्नि द्यावा लागला. कित्येकांना आपल्या माणसाचें तोंडहि शेवटचें पाहावयास मिळालें नाहीं. अशा वेळीं बाहेरून येणाऱ्यानें त्या नाहींशा झालेल्या शेजाऱ्याची जागा भरावयाची असते. आपत्तींतील मनःस्वास्थ्याचें काम म्हणून आज ज्याला म्हणतात, त्याचें मर्म हेंच; आणि त्यासाठीं लागणारे गुण म्हणजे चांगल्या शेजाऱ्याचे गुण, शिक्षणानें घांसून लख्ख केलेले.

पहिला गुण स्थिरपणा. आक्रोश ऐकून जो स्वतःच कोसळतो, त्याला सांवरण्यासाठीं दुःखितालाच उठावें लागतें. हृदय कठोर असावें असें नव्हे. डोळ्यांत पाणी आलें तर येऊं द्यावें, परंतु हात काम करीत राहिले पाहिजेत.

दुसरा गुण ऐकण्याचा, आणि सुशिक्षितांना हाच सर्वांत कठीण. आपल्याला बोलावयाची संवय. उपदेश तर जिभेवरच असतो. “देवाची इच्छा,” “तुम्ही तरी वांचलांत,” “आतां मुलांकडे पाहून धीर धरा,” हीं वाक्यें आपण सद्‌भावानें उच्चारतों. ऐकणाऱ्याला मात्र त्यांचा अर्थ “आतां पुरे करा” असाच लागतो. उलट टोंकाला जाऊन “सारें सांगून टाका, मन मोकळें करा,” असा आग्रह धरणेंहि तितकेंच वाईट. आपत्तीनंतर लगेच माणसांना बसवून सारा प्रसंग पुन्हां वदवून घेण्याची एक पद्धति गेल्या शतकाच्या शेवटीं पाश्चात्य देशांत फार फैलावली होती. पुढें काळजीपूर्वक पाहणी केली तेव्हां एका बैठकीच्या या उपचारानें लाभ होत नाहीं, आणि कांहींच्या बाबतींत अपायहि संभवतो, असें आढळलें. आज जागतिक आरोग्य संघटना त्याची शिफारस करीत नाहीं. २०११ सालीं तिनें इतर संस्थांबरोबर प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेंत तीनच क्रिया मुख्य सांगितल्या आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. बोलेल त्याचें ऐकावें. न बोलेल त्याच्याजवळ बसावें.

तिसरा गुण हातांचा उपयोगीपणा. नातलग कोणत्या इस्पितळांत आहे याचा शोध लावून देणें, नुकसानभरपाईचा अर्ज भरणें, हरवलेल्या कागदाची नक्कल मिळविणें, तान्ह्या मुलाला दूध आणणें, हीं कामें मनाच्या उपचाराहून निराळीं नव्हेत. ज्याच्या हातांतून सारें निसटलें, त्याला एक लहानसें काम तडीस गेलेलें दिसलें म्हणजे जग अजून अगदींच मोडलेलें नाहीं, याची साक्ष पटते. त्याहूनहि चांगलें तें काम त्याच्याच हातून घडविणें. किल्लारीच्या पुनर्वसनांत गांवोगांवच्या स्त्रियांना संवाद सहायक नेमून घरदुरुस्तीच्या कामांत त्यांचा भाग ठेवण्यांत आला. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचा त्या कामांत पुढाकार होता. ज्या बायका आदल्या वर्षीं केवळ मदत घेणाऱ्यांच्या रांगेंत होत्या, त्या पाया किती खोल घ्यावा व भिंतींत पट्टा कोठें द्यावा, हें दुसऱ्यांस समजावूं लागल्या. यापेक्षां मोठें सांत्वन कोणतें असूं शकेल?

चौथा गुण सत्यनिष्ठा. “उद्यां येतों” म्हटलें तर उद्यां गेलें पाहिजे. जाणें शक्य नसेल तर तसें म्हणूं नये. हरवलेलें मूल सांपडेल असें खोटें आश्वासन देऊं नये. ऐकलेलें बाहेर सांगूं नये, परवानगीवांचून कोणाचें छायाचित्र काढूं नये, आणि वाटप करतांना जात, घराणें, ओळख पाहूं नये. भाषेविषयींहि हेंच. मराठवाड्याची बोली ऐकून जो मनांत हंसतो, त्याच्याजवळ तेथील माणूस आपलें मन उघडणार नाहीं.

पांचवा गुण मर्यादेची जाणीव. बहुसंख्य माणसें आप्तांच्या सोबतीनें, कामानें व काळानें सांवरतात. त्यांना रोगी ठरवूं नये. परंतु जो दिवसच्या दिवस खात-झोंपत नाहीं, भान सुटल्यासारखा वागतो, दारूच्या आहारीं जातो किंवा जीव देण्याची भाषा करतो, त्याला एकटें न सोडतां तज्ज्ञाकडे पोंचविलें पाहिजे. शोकाचा वैद्यकीय अभ्यास फार जुना नाहीं. बोस्टन शहरांत १९४२ च्या नोव्हेंबरांत एका नृत्यगृहास आग लागून ४९२ माणसें मेलीं, तेव्हां एरिक लिंडेमन या मनोवैद्यानें शोकाकुलांचें निरीक्षण करून १९४४ त आपला निबंध लिहिला. तो या शास्त्राचा एक आरंभ मानतात. आपल्याकडे १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनें सामान्य डॉक्टरांना, आणि पुढें ओरिसाचें १९९९ चें चक्रीवादळ व २००१ चा गुजराथचा भूकंप यांच्या वेळीं गांवपातळीवरील कार्यकर्त्यांना हें काम शिकविलें. मनोवैद्य थोडे आणि दुःखित हजारों. अशा ठिकाणीं शिकविलेला सामान्य माणूस हाच खरा आधार ठरतो.

सहावा गुण स्वतःची काळजी घेण्याचा. हा स्वार्थ वाटेल, पण नव्हे. पाळीनें काम करावें, वेळेवर जेवावें, निजावें, आणि रोज संध्याकाळीं सोबत्यांजवळ मनांतलें बोलावें. स्वतःच्या घरीं ताजें दुःख असेल त्यानें त्या खेपेस मागें राहावें. विश्रांति न घेणारा सेवक थोड्याच दिवसांत चिडखोर होतो, आणि त्याची चीड दुःखितांवरच निघते.

सर्वांत शेवटचा आणि सर्वांत दुर्मिळ गुण म्हणजे टिकून राहणें. पहिल्या पंधरवड्यांत गाड्यांची रीघ लागते. पहिल्या दिवाळीस, पहिल्या वर्षश्राद्धास मात्र रस्ते मोकळे असतात, आणि दुःखाचा खरा भार तेव्हांच जाणवतो. किल्लारीच्या आपत्तींतील बाराशें मुलांना भारतीय जैन संघटनेनें शिक्षणासाठीं पुण्यास आणलें. अशा कामाची जबाबदारी पत्करणें म्हणजे एका हंगामाचें नव्हे, वर्षानुवर्षांचें व्रत पत्करणें होय. मुलांच्या बाबतींत तर नियमित शाळा, खेळ आणि तेंच तें ओळखीचें माणूस रोज दिसणें, यांहून मोठें औषध नाहीं.

पानशेतचा १९६१ चा पूर पुण्यांतील वृद्धांच्या अजून स्मरणांत आहे. माळीण २०१४ त, तळिये २०२१ त आणि इर्शाळवाडी २०२३ त डोंगराखालीं गेली. पुढची वेळ कोणत्या गांवाची, हें कोणी सांगावें? त्या वेळीं आपल्या घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी “मी जातें” म्हणून उभी राहील. तिला अडवूं नये. पण तयारीवांचून पाठवूंहि नये. तिला आधीं शिक्षण घेऊं द्यावें, आणि त्याहून आधीं घरांतच संवय लावावी : आजारी आजोबांजवळ घटकाभर न बोलतां बसण्याची, मोलकरणीचें गाऱ्हाणें मध्येंच न तोडतां ऐकण्याची, दिलेला शब्द पाळण्याची, शेजारच्या दुःखी घरीं न बोलावतां डबा पोंचविण्याची. ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशीं लोक जमतात व मृतांस वंदन करतात. इतर दिवशीं तो माळ ओस असतो. जमल्यास अशाच एखाद्या दिवशीं जावें, आणि मुलांना बरोबर न्यावें.