घराचा सूर लावताना

अँप्लिफायर घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो वॉटचा. जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, "किती वॉटचा आहे?" हे झाल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. कॅसेट डेकच्या काळात तर खोक्यावर पीएमपीओचे, म्हणजे क्षणिक कमाल ताकदीचे, चार-चार आकडी आकडे छापलेले असायचे आणि लोक ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचून दाखवायचे. कानाचा हिशेब मात्र निराळा आहे. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो 3 डेसिबल, म्हणजे जेमतेम कळण्याइतका. ऐकणाऱ्याला तो दुप्पट मोठा वाटायचा तर वॉट साधारण दहापट लागतात. तेव्हा 50 वॉटचा देऊन 100 वॉटचा आणणाऱ्याच्या पदरात पैशांच्या मानाने फारच थोडं पडतं. आवाज घडतो किंवा बिघडतो तो पुढे, घरी, जोडणीच्या दिवशी. माझं तर म्हणणं असं की निम्मी जोडणी तारांची असते आणि निम्मी घराची. खान्देशात तर उन्हाची आणि मातीचीसुद्धा.

तारांपासून सुरुवात करू. दुकानात नुसतं "स्पीकरची वायर द्या" म्हटलं की बहुतेक वेळा हातात येते ती अगदी पातळ जोडवायर. तिच्याऐवजी 'चाळीस-शहात्तर' मागावी. तिच्या एका वेष्टनात तांब्याच्या 40 बारीक तारा असतात. अँप्लिफायरपासून 10 मीटर दूरच्या स्पीकरला ती पातळ 'चौदा-छत्तीस' लावली तर जाऊन-येऊन पाऊण ओहमपेक्षा जास्त अडथळा त्या वायरीचाच होतो. स्पीकर 4 ओहमचा असेल तर हा वाटा फार झाला. पहिला फटका बसतो खर्जाला. तबल्याचा डग्गा ढिला वाटू लागतो आणि दोष मात्र अँप्लिफायरवर जातो.

वायर सोलण्याचं काम घाईने करू नये. पात्याने वेष्टनाला हलकी चीर द्यायची, तांब्याला धक्का लावायचा नाही, वेष्टन ओढून काढायचं. मग उघड्या तारांना चिमटीत धरून पीळ द्यायचा, स्क्रू ज्या दिशेने आवळणार त्याच दिशेने, म्हणजे आवळताना पीळ उलगडत नाही. पीळ दिल्यावर उजेडात धरून बघायचं. एखादी तार हमखास बाहेर आलेली असते. केसाएवढी ती तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर क्षणात उडू शकतात. ती वळवून आत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग लाल आणि काळं. दोन्ही स्पीकरचं लाल टर्मिनल अँप्लिफायरच्या लालला, काळं काळ्याला, इतकं साधं काम. पण कितीतरी घरांत एका स्पीकरची जोडी उलटी लागलेली असते आणि वर्षानुवर्षं कोणाला पत्ता नसतो. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, दोघे मिळून खर्ज खाऊन टाकतात. जुन्या स्पीकरवरचे रंग पुसले असतील तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरे. अँप्लिफायरपासून वायर सोडवायची आणि सेलची दोन टोकं स्पीकरच्या दोन टर्मिनलना क्षणभर टेकवायची. 'टप्' असा आवाज होतो. पडदा बाहेर आला तर सेलचं धन टोक जिथे लागलं ते लाल समजायचं. धुळ्याच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारे आमचे काका ही खूण करायचे आणि जोडी जुळली की पानाने रंगलेल्या तोंडाने म्हणायचे, "आते बोलना भो!" म्हणजे, आता बोलला, भाऊ!

जोडणी बरोबर झाली की नाही हे ठरवायला मी नवं, झगमगीत गाणं लावत नाही. लावतो ती 'मानिनी'ची गाणी. हा 1961 सालचा चित्रपट. त्यात आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या कविता वसंत पवारांच्या संगीतात सुमन कल्याणपूर यांनी गायल्या आहेत. बहिणाबाई 1951 सालीच गेल्या होत्या, त्यांचा संग्रहसुद्धा त्यानंतरचा. आपले शब्द पडद्यावर गेलेले त्यांनी कधी ऐकले नाहीत, ही गोष्ट मला दर वेळी हलवून जाते. ध्वनिमुद्रण त्या काळचं, म्हणजे मोनो. म्हणून तर ते कसोटीला उत्तम. दोन्ही स्पीकरमधून तेच आणि तेवढंच येतं, तेव्हा गाणारा आवाज बरोबर मधल्या मोकळ्या जागेतून यायला हवा, जणू बाई समोर बसून गाते आहे. तो एका बाजूला झुकला तर बॅलन्सचं बटण बघा, किंवा खुर्ची एका स्पीकरच्या जवळ गेली असेल. आवाज कुठेच सापडत नसेल, नुसता खोलीभर पसरला असेल, तर लाल-काळं उलटं आहे. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांच्यात सारखं अंतर हवं आणि ट्विटर, म्हणजे बारीक स्वरांचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला. कपाटावर, देवघराशेजारी चढवून ठेवलेले स्पीकर छतासाठी गातात.

आता घर. धाब्याची घरं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना हे सांगावं लागणार नाही. जाड मातीच्या भिंती, लाकडाच्या तुळया, वर मातीचं धाबं, कोपऱ्यात गोधड्यांची चळत. अशा खोलीत साधा रेडिओसुद्धा गोड वाटायचा. जळगाव आकाशवाणीवरची गाणी त्या भिंतींनी किती मायेने सांभाळली! आता स्लॅबच्या हॉलमध्ये चकचकीत टाइल्स, काचेची खिडकी, गुळगुळीत पुट्टी, आणि मध्ये बिचारा अँप्लिफायर. त्यातून निघालेला प्रत्येक 'स' चार भिंतींना आपटून परत येतो. उपाय आपल्याच मुलखात पिकतो. कापसाच्या दोन गाद्या घडी करून मागच्या कोपऱ्यात उभ्या करा, जमिनीवर सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा. याचा गुण कित्येकदा नव्या अँप्लिफायरपेक्षा जास्त येतो.

उन्हाळ्याचं प्रकरण वेगळं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो. ट्रान्झिस्टरची उष्णता हीटसिंक हवेला देतं, आणि हवाच 45 अंशांची असली की 25 अंशांच्या खोलीतल्या यंत्रापेक्षा आपलं यंत्र सुरुवातीलाच 20 अंश पुढे असतं. म्हणून त्यावर भरतकामाचा रुमाल नको, फुलदाणी नको, टीव्हीच्या कपाटाचा बंद कप्पा तर नकोच. वर आणि मागे वीतभर जागा मोकळी हवी. कूलरही त्याच बोर्डावर नको. त्याची मोटर सुरू-बंद होताना स्पीकरमध्ये कट्कट् येते. शिवाय त्याच्या घरघरीवर मात करायला आपण नकळत आवाज चढवत नेतो. उन्हाळ्यात ऐकावं ते पहाटे, कूलर बंद करून.

घूं असा आवाज येत असेल तर व्हॉल्यूम शून्यावर न्या. तरीही तो तसाच राहिला तर बहुधा पॉवर सप्लायचे फिल्टर कंडेन्सर सुकलेत, आणि उष्णतेने ते लवकर सुकतात. व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर इनपुटची वायर किंवा अर्थिंग तपासा. बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर वाट बघू नका, प्लग काढा आणि अर्थिंग बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी ठाक होते, आणि कोरड्या मातीत अर्थिंग धड लागत नाही. अर्थिंगच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी ओतायचं असतं, हे घर बांधणाऱ्या पिढीला माहीत होतं. पाण्याने भागलं नाही तर वायरमनला बोलवा. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवावा, बटण बंद करून भागत नाही.

हे सगळं करायला नवीन यंत्रच लागतं असं मुळीच नाही. सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्स यांचे जुने अँप्लिफायर अजून कितीतरी घरांत माळ्यावर पडून आहेत. त्यांचे ट्रान्झिस्टर-कंडेन्सर बदलता येतात, आणि ते काम जाणणारे कारागीर जळगावात आणि धुळ्यात अजून आहेत. तुमच्याकडे असा एखादा असेल तर भंगारवाल्याच्या हाती देऊ नका. प्लग लावण्याआधी कारागिराकडून कंडेन्सर तपासून घ्या, नवी चाळीस-शहात्तर लावा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आधी कोणतं गाणं लावू?