शब्द न सांगता

जबलपूरच्या आमच्या घरात दोन मराठी होत्या. एक पुस्तकांतली आणि दुसरी बाबांची, जिच्यात हिंदी आणि बुंदेली कधी मिसळली ते कुणालाच कळलं नव्हतं. गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर बाबा या दुसऱ्या मराठीतले शब्द जमवू लागले. मी अनुवादक, म्हणून यादी सांभाळणं माझ्याकडे आलं. बहिणीच्या मुलाने भाड्याचा छोटा सर्व्हर लावून दिला. बाबा राइट टाऊनमधून, मी रांझीहून टर्मिनल उघडून त्यात भर घालायचो. खातं एकच आणि पासवर्डही एकच. तो बाबांनी निवडलेला, त्यांच्या मराठीतला एक शब्द होता.

गेल्या वर्षी बाबा गेले. दोन महिन्यांनी भाच्याचा फोन आला.

“मावशी, सर्व्हरचा लॉग बघितलास?”

बघितला. रात्रभर कुणीतरी दार ठोठावत होतं. कधी रूट या नावाने, कधी अ‍ॅडमिन, कधी टेस्ट. प्रत्येक ओळीत चुकलेला पासवर्ड.

“आपल्यावर कुणाचा राग नाही गं. इंटरनेटवर सर्व्हर दिसला की प्रोग्रॅम असे अंदाज मारत फिरतात. पासवर्डने येणंच बंद कर. किल्ली लाव.”

दूरच्या यंत्रात शिरण्याची ही वाट म्हणजे एसएसएच. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड चोरून टिपले, तेव्हा तिथल्या तातू इलोनेन यांनी ती तयार केली. त्याआधी टेलनेटसारख्या साधनांतून पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जायचा. एसएसएचमध्ये तो बंद पाकिटातून जातो, पण पलीकडच्या यंत्राला सांगावा तर लागतोच.

किल्लीचं तसं नाही. किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची, खासगी आपल्याच संगणकावर. आत जाताना आपला संगणक खासगी किल्लीने त्या भेटीपुरती सही करतो. सर्व्हर ती सार्वजनिक किल्लीशी ताडून बघतो. गुपित कुणालाच सांगितलं जात नाही, तरी ओळख पटते.

हे समजून घेताना मला स्लीमन आठवला. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या या इंग्रज अधिकाऱ्याने इथे जबलपुरात माफीच्या साक्षीदारांकडून त्यांच्या गुप्त बोलीचे शब्द वदवून घेतले आणि 1836 मध्ये कलकत्त्याहून ‘रामसीआना’ हा त्यांचा कोश छापला. त्याने उभं केलेलं ठगांचं चित्र कितपत खरं, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण ज्या शब्दांवरून आपला माणूस ओळखायचा, ते छापून आल्यावर ओळखीच्या कामाचे उरले नाहीत. माझं कामच शब्द या भाषेतून त्या भाषेत पोचवण्याचं, त्यामुळे सांगितलेला शब्द आपल्यापाशी राहत नाही हे मला नवं नव्हतं. न सांगता पटणारी ओळख मात्र नवी होती.

किल्ली बनवली, तिला सांकेतिक वाक्याचं कुलूप घातलं, सार्वजनिक अर्धी सर्व्हरवर नेली. तरी सर्व्हर पासवर्डच मागत राहिला. भाचा हसला.

“फोल्डरमध्ये इतरांनाही लिहिता येतंय. अशा जागी ठेवलेल्या किल्लीवर तो विश्वास ठेवत नाही. फोल्डरला सातशे, फाइलला सहाशे परवानगी दे.”

दिली, आणि दार उघडलं.

उरली सेटिंगमधली एक ओळ: पासवर्डने प्रवेश, नाही. “उघडी खिडकी बंद करू नकोस,” भाच्याने बजावलं. “फाइल तपासून घे, सर्व्हिस रीलोड कर, मग दुसऱ्या खिडकीतून येऊन बघ. अडकलीस तर पहिलीतून परत फिरता येईल.”

ती ओळ बदलायला मला तीन दिवस लागले. बाबा आणि मी रोज टाइप करत होतो असा तो एकच शब्द. चौथ्या दिवशी मी जुन्या पद्धतीने आत गेले, तो शेवटचा टाइप केला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आले.

लॉगमध्ये ठोठावणं अजून चालूच आहे, पण आता अंदाज बरोबर आला तरी उपयोग नाही. भाच्याची वेगळी किल्ली त्याच फाइलमध्ये आहे. माझ्यानंतर यादी त्याच्याकडे राहील आणि त्यासाठी मला त्याला काही सांगावं लागणार नाही.

बाबांचा तो शब्द यादीत नाही. पासवर्ड होता म्हणून आम्ही तो कधी नोंदवलाच नव्हता. आता नोंदवायला, इथे लिहायलाही हरकत नाही. यादीत मी तो अर्थासकट नोंदवणार आहे. इथे मात्र लिहीत नाही.