दोनदा क्लच

आमच्या घरची जीप 1968 सालची. बाबांनी ती 1979 मध्ये नागपूरच्या एका ठेकेदाराकडून घेतली. तेव्हा मी तिसरीत होतो. गाडी दारात आली त्या दिवशी मायनं तिला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बाबांना विचारलं, "बैलजोडी इकून हे लोखंड आणलं, याले चारा काय घालाचा?" बाबा हसले. चारा महाग होता, हे नंतर कळलं. लिटरला आठ किलोमीटर, तेही उतार असला तर.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा नदीच्या काठापासून दोन कोसांवर. काळी माती. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो आणि पावसाळ्यात तीच माती बंडीचं चाक आऱ्यापर्यंत गिळते. वावराकडे जाणारी पांदण नाल्यातून जायची. नाल्याचा पलीकडचा चढ लहानच, पण उभा. त्या चढानं आमच्या घरातलं बरंच काही ठरवलं.

जीपचं इंजिन 'हरिकेन' नावाचं. चार सिलिंडर, सुमारे 2200 सीसी, पेट्रोलवर चालणारं. त्याची एक गंमत आहे. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळं इंजिन उंच झालं, आणि ते मावावं म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. कपाळ मोठं असलेल्या माणसासारखी ती जीप दिसते, ती यामुळं. अमेरिकेत हे मॉडेल 1953 साली आलं आणि 1968 मध्ये बंद झालं. आपल्याकडे मात्र महिंद्रा त्यानंतरही ते काढत राहिले. म्हणून गावोगाव हा चेहरा ओळखीचा होता. तहसीलदाराची जीप तीच, डॉक्टरची तीच, निवडणुकीत भोंगा लावलेलीही तीच.

इंजिन दणकट होतं. दुखणं होतं ते गिअरबॉक्सचं. तीन गिअरचा डबा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला सिंक्रोनायझर होता, पहिल्याला नव्हता. म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. गिअर पडतो तेव्हा दोन फिरत्या वस्तू एकमेकींत अडकतात. दोघींचा वेग सारखा नसला तर दात दातावर आपटतात आणि करकर आवाज येतो. सिंक्रोनायझर म्हणजे आतलं पितळी कडं. ते आधी हळूच घासतं, दोघींचा वेग सारखा करतं आणि मग गिअर बसू देतं. ते कडं नसेल तर हे काम ड्रायव्हरला पायानं करावं लागतं. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग पहिला टाकायचा. एका गिअरला दोनदा क्लच. तालुक्यातले जुने ड्रायव्हर याला 'डबल किलच' म्हणायचे.

नाल्याच्या चढावर हे रोजचं होतं. भरलेली गाडी दुसऱ्यात चढायला लागायची, मध्येच तिचा जीव जायचा. त्याच क्षणी पहिला पडला तर पार, नाही पडला तर गाडी मागं घसरत नाल्यात. बाबांचा पहिला कधी चुकला नाही. 1972 मध्ये सरकारनं कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. पुढं कित्येक वर्षं आम्ही जीपमागं ट्रॉली जोडून खरेदी केंद्रावर कापूस नेला. बंड्यांची रांग, थंडी, शेकोट्या, आणि ग्रेडरच्या एका शब्दावर वर्षाची कमाई. घरी येताना बाबा गप्प असले तरी नाल्यावर त्यांचा पाय ठेक्यात पडायचा. टक्, टक्. तो आवाज ऐकला की माय अंधारातच चूल पेटवायची.

2008 च्या पावसाळ्यात बाबा धुऱ्यावरून पडले. डाव्या गुडघ्याचं हाड सरकलं. चार महिन्यांनी काठी सुटली, पण पायात जोर आला नाही. क्लच एकदा दाबता यायचा, लगेच दुसऱ्यांदा नाही. नाल्यावर गाडी एकदा मागं घसरली. मी शेजारी बसलो होतो. बाबांनी ब्रेक लावला, उतरले आणि एक शब्द न बोलता पायी घरी गेले.

त्यानंतर जे मी केलं ते सांगायला आजही जड जातं. एका भंगारवाल्याला गाडी दाखवली आणि पाच हजारांचा इसार घेतला, बाबांना न विचारता. माझं गणित सरळ होतं. पेट्रोल परवडत नाही, पाय चालत नाही, दोन वर्षांचं कर्ज उभं आहे. गावात बहुतेकांनी जीपमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं होतं. आमचीच तेवढी तशी राहिली होती.

बाबांना गावातूनच कळलं. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे टिनाच्या शेडमधून आवाज आला. जाऊन पाहिलं तर बाबा बंद गाडीत बसून क्लच दाबत होते आणि मोजत होते. सात, आठ, नऊ. मला पाहून थांबले.

"एका दमात बारा होतात. दोनदा लागोपाठ होत नाई. मंग एकदाच दाबा लागन असा डबा काऊन नाई बसवत?"

"बाबा, त्यापेक्षा डिझेल इंजिनच टाकू ना, डब्यासकट."

"इंजिनाले काय झालं? पाय माया खराब झाला, सजा इंजिनाले?"

इसाराचे पैसे ते स्वतः परत करून आले.

असा डबा होता. नंतरच्या डिझेल जीपचा, चार गिअरचा, पुढच्या सगळ्या गिअरांना सिंक्रोनायझर असलेला. अपघातातल्या एका गाडीचा तो मला फोर-व्हीलच्या डब्यासकट मिळाला. तुरीचे पैसे त्यात गेले. आता फक्त बसवायचा, असं मला वाटलं. पण डिझेलसाठी केलेला डबा पेट्रोल इंजिनाला बसत नाही. बोल्टची छिद्रं जुळत नाहीत. नव्या डब्याचा पुढचा शाफ्ट लांब. त्याचे दाते जुन्या क्लच प्लेटीत जात नाहीत. त्याचं टोक क्रँकच्या मागच्या भोकात ढिलं बसतं.

शहरातल्या एका वर्कशॉपनं काम घेतलं. मध्ये टाकायला लोखंडी प्लेट कापली, खुणा करून छिद्रं पाडली आणि आठ दिवसांत गाडी दिली. पंधरा दिवस चालली. मग चौथ्या गिअरमधून लिव्हर आपोआप सुटून न्यूट्रलला यायला लागलं. क्लच दाबला तरी गिअर करकरायचा. मी पुन्हा गेलो तर उत्तर मिळालं, जुन्या गाडीत असंच होतं.

तेव्हा पुलगावच्या एका मिस्त्रींचं नाव कोणीतरी सांगितलं. पुलगावला दोन गोष्टी मोठ्या: लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो आणि कापसाची गिरणी. मिस्त्री गिरणीत टर्नर होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी एक जुनं लेथ घेऊन घरामागं छपरी टाकली. वय सत्तरीच्या पुढं, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. बाबांना त्यांनी आधी खुर्ची दिली, मग पाणी, मग विचारलं, "भाऊ, गाडी कोणाची? तुमची का पोराची?"

"मायी," बाबा म्हणाले.

"मंग तुमाले विचारून करतो."

डबा उतरवला. क्रँकच्या भोकातलं बुश काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. गोल असायला हवं ते अंड्यासारखं झालं होतं. मग फ्लायव्हीलवर डायल गेज बसवलं, त्याची सुई प्लेटच्या मधल्या भोकाला टेकवली, प्लग काढले आणि मला क्रँक हातानं हळूहळू फिरवायला सांगितलं. सुई एका बाजूला गेली, दुसऱ्या बाजूला आली.

"तीस थाउ. म्हंजे पंधरा थाउ बाजूले हाये. हे घड्याळ दुप्पट बोलते."

एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पंधरा थाउ म्हणजे जाडसर पुठ्ठ्याएवढं अंतर. मी म्हणालो, "एवढ्यानं काय होतं काकाजी?"

"बाबू, चौथ्या गिअरात इंजिनाचा शाफ्ट अन् डब्याचा शाफ्ट एक होऊन फिरते. दोघायचा मध्य एक नसन तर फिरता फिरता एकमेकाले ढकलते. मिनिटाले दोन हजार खेपा ढकलन तर काय होईन? सोडूनच देईन नं."

त्यांनी प्लेट फेकली नाही. बोल्टची छिद्रं किंचित मोठी केली, बोल्ट अर्धे आवळले आणि लाकडी हातोडीनं प्लेटला टिचक्या मारायला लागले. एक टिचकी, एक फेरी, सुईकडे नजर. सकाळची दुपार झाली. सुई चार थाउच्या आत आली तेव्हा त्यांनी प्लेट आणि हाउसिंग यांच्यातून दोन छिद्रं रीमर करून पोलादी डॉवेल ठोकले.

"बोल्ट फक्त आवळते. जागा धरते तो हा डॉवेल. त्या पोरायनं बोल्टावर भरवसा ठेवला."

बाकीचं कामही त्यांनी सांगत सांगत केलं. प्लेटची जाडी मनमानी घेता येत नाही. जास्त जाड झाली तर शाफ्टचं टोक बुशात पुरतं पोचत नाही, पातळ झाली तर टोक क्रँकला टेकून दाबतं. गनमेटलचं नवं बुश त्यांनी लेथवर काढलं. बाहेरचं माप जुन्या क्रँकचं, आतलं नव्या शाफ्टचं. क्लच प्लेटही तशीच केली, बाहेरून जुनी आणि मधला हब नव्या दात्यांचा, रिव्हेट मारून. डबा चार इंच मागं सरकला होता. म्हणून मागचा प्रोपेलर शाफ्ट तेवढा कापला, पुढच्याला लांब पाइप टाकला. जोडताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का, ते दोरी लावून पाहिलं. लिव्हरसाठी खालचा पत्रा कापावा लागला. ते आता सीटच्या अगदी जवळ आलं.

चहाच्या वेळी मी म्हणालो, "काकाजी, चाळीस वर्षांपूर्वीच्या इंजिनाला नवा डबा, म्हातारीला जावई शोधल्यासारखं झालं."

ते हसले. म्हणाले, "वर्ध्याले जमनालालजीयच्या काळी फोर्ड मोटारीले बैल जुंपले होते म्हणतात. बापूजीले सेवाग्रामले न्याले. लोक तिले ऑक्सफर्ड म्हणे. ऑक्स म्हंजे बैल, अन् फोर्ड. आपलं काम तर त्याहून सोपं हाये." मग कप खाली ठेवून म्हणाले, "जुनं नवं काई नसते बाबू. मध्य जुळला पाह्यजे."

निघताना मजुरी विचारली. त्यांनी सांगितली ती इतकी कमी होती की बाबांनी न बोलता दीडपट ठेवली. मिस्त्रींनी वरचे परत केले. बाबांनी ते पुन्हा लेथच्या पेटीत ठेवले. दोन म्हाताऱ्यांचा तो खेळ मी पाहत उभा राहिलो.

परत येताना बाबा म्हणाले, "मी चालवतो." पुलगाव ते आर्वी रस्त्यानं त्यांनी गाडी आणली. चौथा पडला, टिकला. इंजिन तेच जुनं, त्याच घोगऱ्या आवाजाचं. गावाजवळ त्यांनी घराकडे न वळता गाडी पांदणीत घातली. मी काही बोललो नाही. नाल्यात पाणी घोट्याएवढं. चढावर दुसरा गिअर दमला. बाबांचा डावा पाय खाली गेला, लिव्हर मागंपुढं झालं, पहिला लोण्यात सुरी जावी तसा पडला आणि गाडी चढून गेली.

पण मी पाय पाहत होतो. तो दोनदा दाबला गेला होता. दुसऱ्यांदा अर्धाच, जोर नव्हता, गरजही नव्हती.

"बाबा, आता एकदाच दाबायचा."

"मालूम हाये," ते म्हणाले. "मले हाये, पायाले नाई."

त्यानंतर बाबा सहा वर्षं वावरात स्वतः जात राहिले. इसाराबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मीही माफी मागितली नाही. मागायला हवी होती. मिस्त्री बाबांच्या आधी गेले. त्यांचं लेथ मुलानं विकलं, ते कुठं गेलं ते मी विचारलं नाही.

जीप अजून आहे. पेट्रोल परवडत नाही म्हणून महिन्यातून एकदा काढतो. आता नाल्यावर पूल झाला आहे, चढ राहिला नाही. तरी पुलाजवळ आलो की पहिला टाकायची गरज नसतानाही माझा डावा पाय आपसूक खाली जातो. टक्, टक्. माय ओट्यावर बसलेली असते. तिला आता नीट दिसत नाही. आवाज ऐकला की ती आत वळून सुनेला सांगते, "चूल पेटव, आले."

घरात गॅस येऊन वीस वर्षं झाली.