रिसीव्हरचा रुसवा

घरातील माणूस रुसले तर त्याची समजूत काढता येते. यंत्र रुसले म्हणजे मात्र मोठी पंचाईत होते. माणूस निदान भांडी आदळून आपल्या रागाचे कारण सुचवितो. यंत्र एक शब्दही न बोलता डोळे मिटून घेते आणि आपण त्याच्यापुढे अपराध्यासारखे उभे राहतो. गेल्या वर्षी असा एक रुसवा वैशाखापासून चवथीपर्यंत आमच्या घरी मुक्कामाला होता.

रुसलेली वस्तू म्हणजे होम थिएटरचा रिसीव्हर. दूरदर्शन संचाकडून किंवा पेनड्राइव्हवरून येणारा क्षीण ध्वनिसंकेत घ्यायचा, त्याला बळ द्यायचे आणि खोलीत ठेवलेल्या पाचसहा स्पीकरांना तो वाटून द्यायचा, हे त्याचे काम. शिक्षकाच्या घरी ही चैन कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर माझ्या आईपाशी आहे.

आम्ही मूळचे फोंड्याकडचे. घरात कोकणी बोलतो, शाळेत मराठी शिकवतो आणि बऱ्हाणपुरच्या बाजारात हिंदीत भाजी घेतो. गुडघ्यांमुळे आईला आता चवथीला गावी जाता येत नाही. माझ्या मामाने १९९१ च्या चवथीत घरच्या घुमट-आरतीची एक कॅसेट भरून ठेवली होती. मामा आता नाही. त्याच्या मुलाने ती कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून आईला धाडली. घुमट म्हणजे मातीचे, दोन तोंडांचे वाद्य. मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले असते. लहान तोंड उघडे असते आणि ते डाव्या तळहाताने झाकून-उघडून वादक नाद खालीवर करतो. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता बकऱ्याचे लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारशाचे वाद्य म्हणून मान दिला. ही आरती मोबाइलवर लावली तर गळे ऐकू येतात, कांसाळे ऐकू येते, पण घुमट नाहीसा होतो. तेवढ्याशा स्पीकरला तो खर्जातला नाद पेलतच नाही. आणि घुमट वाजवणारा तर मामाच होता. आईला ऐकायचा होता तो घुमट.

वैशाखात पहिल्यांदा यंत्र बंद पडले तेव्हा मी फारसे मनावर घेतले नाही. त्या दिवसांत आमच्या गावी पारा ४२ अंशांच्या वर सहज चढतो. माणसेच जिथे दुपारी बंद पडतात तिथे यंत्राला काय बोलावे! लाकडी कपाटाच्या बंद खणात ते कोंडलेले होते. अशा यंत्रात जी वीज जाते तिचा मोठा भाग आवाजात न जाता उष्णतेतच जातो आणि ती उष्णता वरच्या झरोक्यांतून बाहेर पडावी लागते. हवेच्या वाटेचे महत्त्व खरे म्हणजे बऱ्हाणपूरकरांना सांगायला नको. १६१५ च्या सुमाराचा आपला कुंडी भंडारा पाहा: भुयारांतून पाणी वाहते आणि वर ओळीने उघड्या कुंड्या आहेत, त्यांतून आत हवा आणि उजेड उतरतो. मी रिसीव्हर खणातून बाहेर काढला. झरोक्यांवर कापसाच्या तंतूंची मऊ गादी बसली होती, कारण पलीकडच्या गल्लीत दिवसभर पावरलूम चालतात. ती कुंचल्याने झाडली. त्यानंतर बातम्या, क्रिकेट, चित्रपट सारे तासन् तास सुरळीत चालू लागले.

फक्त आरती लागली की यंत्र बंद. "परतून बंद पडलें रे!" असे आई आतल्या खोलीतून म्हणे. पुढे पुढे तिने तेही म्हणायचे सोडले. ते मला अधिक लागले.

दुरुस्तीवाला आला. त्याने झाकण काढले, आत पाहिले आणि अगदी आत्मविश्वासाने म्हणाला, "सर, प्रोटेक्शन निकाल देता हूँ, फिर कभी बंद नहीं होगा." हा उपाय ऐकायला सोपा होता. परंतु प्रोटेक्शन म्हणजे काय, हे त्याच्याकडूनच विचारून घेतले तेव्हा माझा जीव दडपला. यंत्र सुरू केल्यावर काही क्षणांनी आत 'टक्' असा आवाज येतो. तेवढ्या वेळात आतला पहारेकरी सारे ठीक असल्याची खातरजमा करतो आणि मगच स्पीकरांची जोडणी होऊ देतो. पुढे विजेचा प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला, किंवा नको तो प्रवाह स्पीकरकडे निघाला, की तोच जोडणी तोडतो. त्याला काढले तर यंत्र खरोखरच बंद पडले नसते. ते चालू राहूनच जळाले असते, कदाचित स्पीकरांना बरोबर घेऊन. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच. त्याचे पैसे दिले, चहा पाजला आणि झाकण जसेच्या तसे बसवून घेतले.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात सहज हा विषय निघाला. ज्याच्या घरी माग आहेत असा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, बाणा तुटला की आमचा मागही आपोआप थांबतो. माग थांबला म्हणून त्याला कोणी दोष देत नाही. आधी तुटलेला धागा शोधतात." मागावर आडव्या धाग्याची चौकशी करणारा एक लहानसा काटा असतो, धागा जागेवर नसला की तो माग थांबवतो, नाही तर वारच्या वार कापड सदोष विणले जाईल. जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग सिद्ध केला, त्याची कीर्ती अशा आपोआप थांबण्याबद्दलही होती. मोटारींचा धंदा त्या घराण्याने पुढे काढला. हे सारे मी पुस्तकात वाचलेले होते, पण माझ्या खोलीतल्या यंत्राला ते लावून दाखवले त्या मुलाने.

तेव्हा धागा शोधायचा ठरला. त्या मुलाने आणि त्याच्या मित्राने एक वही केली: वेळ, काय लावले होते, आवाज किती, आणि स्टॅबिलायझरचा काटा कोठे होता. सायंकाळी माग आणि केळीच्या बागांचे पंप एकदम चालू झाले की आमच्याकडे २३० व्होल्टचा काटा खाली येतो, म्हणून माझा संशय विजेवर होता. चार दिवसांनी वही पाहिली. पहाटे असो वा रात्री, काटा वर असो वा खाली, यंत्र गार असो वा ऊन, दुसऱ्या आरतीत घुमटाची लय वाढली की त्याच जागी ते बंद पडत होते. उष्णता सुटली, वीजही सुटली. वैशाखातला रोग निराळा आणि हा निराळा. लक्षण मात्र एकच. हे वहीवाचून मला कधीच उमगले नसते.

पुढची पायरी अशी. भिंतीतला प्लग काढला आणि स्पीकरांच्या सगळ्या तारा सोडवल्या. (मुलांना एक गोष्ट निक्षून सांगितली: बाहेरच्या तारांना हात लावायचा तोही प्लग काढल्यावरच, आणि झाकणाच्या आत कदापि नाही, प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरांत वीज साठून राहते.) मग स्पीकरांवाचूनच आरती लावली. खोलीत चकार शब्द नाही, पण यंत्रावरचा दिवा शेवटपर्यंत तेवत राहिला. म्हणजे दोष पेटीच्या बाहेर होता. नंतर एकेक स्पीकर जोडत गेलो. समोरचा डावा जोडला आणि घुमटाच्या त्याच ठेक्याला दिवा विझला. त्याच स्पीकरला उजव्याची तार लावली, तर नाही विझला.

टॉर्च घेऊन मुलगा डाव्या स्पीकरच्या मागे वाकला. तांबड्या खुंटीत खोचलेल्या तारेतले केसासारखे तीनचार तंतू बाहेर निसटून काळ्या खुंटीकडे झुकले होते. चैत्रात रंगकाम करणाऱ्यांनी ती पेटी ओढून सरकवली होती. एरवी त्या तंतूंमध्ये आणि काळ्या खुंटीमध्ये नखाएवढीही नव्हे, पण काही फट होती. घुमट घुमला की पेटी थरथरे आणि तंतू पलीकडे टेकत. वाट इतकी सोपी मिळाल्यावर प्रवाह स्पीकरमधून कशाला जाईल? अडथळा घटला की प्रवाह वाढतो, हा नियम गेओर्ग ओम यांनी १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. तेही त्याआधी कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवीत असत, याचा मला उगाच अभिमान वाटतो. अडथळा जवळजवळ शून्य झाल्यावर पहारेकऱ्याने दुसरे काय करावे? मामाच्या हातच्या थापेनेच मामाचा घुमट बंद पडत होता!

तंतू कापले, तार नीट पिळून पुन्हा खोचली. दहा मिनिटांचे काम.

चवथीच्या सायंकाळी मुले आली होती. आईने त्यांच्या हातांवर नेवऱ्या ठेवल्या आणि मी आरती लावली. दुसऱ्या आरतीत ती जागा आली तेव्हा दोघेही श्वास रोखून दिव्याकडे पाहत होते. जागा गेली. लय चढत चालली, शामेळ आणि कांसाळे मागून धावत होती, आणि घुमट त्या सर्वांच्या अर्धे पाऊल पुढेच होता. आई डोळे मिटून ऐकत होती. आरती संपली तशी ती किंचित हसली.

"तेन्नाय अशीच घाय करतालो," ती म्हणाली. तेव्हाही तो अशीच घाई करायचा. आणि तिने मला ती पुन्हा लावायला सांगितली.